बहर लांबवताना: क्लेमॅटिसच्या वेलीच्या नोंदी

३० सप्टेंबर २०२३

परसातल्या दक्षिणेकडच्या भिंतीवर क्लेमॅटिस चढवायचं ठरलं. अट एकच: पंधरवड्यात आटोपणारा बहर नको. जूनपासून थंडी पडेपर्यंत भिंतीवर काही ना काही उमललेलं दिसलं पाहिजे. रोपांच्या चिठ्ठीवर ‘दीर्घकाळ फुलणारा वेल’ असं सर्रास छापलेलं असतं. ते अर्धंच खरं असावं असा माझा संशय आहे. निम्मा बहर वाणात असेल, निम्मा कात्रीत. तो संशय तपासून बघायला ही वही.

वाण निवडताना सगळा हिशेब एकाच गोष्टीपाशी येतो: फूल कुठल्या फांदीवर येतं? क्लेमॅटिसच्या सुमारे ३०० जाती आहेत, संकरित वाण तर मोजण्यापलीकडे. छाटणीच्या सोयीसाठी बागकामवाले त्यांचे तीन गट पाडतात. पहिल्या गटातले (मोंटाना, अल्पिना वगैरे) गेल्या वर्षीच्या जुन्या फांद्यांवर वसंतात फुलतात आणि बहुतेक तेवढ्यावरच थांबतात. दुसऱ्या गटातल्यांची फुलं मोठी, वीतभर रुंदीचीही. ते एकदा जुन्या फांद्यांवर फुलतात, मग सुस्तावतात आणि उन्हाळा संपता संपता नव्या फुटीवर पुन्हा थोडे फुलतात. फोटोत दिसतात ते बहुधा हेच. तिसरा गट त्याच वर्षी फुटलेल्या कोंबांवर फुलतो. सुरुवात उशिरा, पण कोंब वाढतोय तोवर कळ्या येत राहतात. मला हवा आहे तो हा तिसरा.

या गटाचा कणा म्हणजे क्लेमॅटिस विटिसेला, दक्षिण युरोपातली जाती. सोळाव्या शतकापासून ती बागांमध्ये आहे. इंग्लंडात वोकिंगच्या जॅकमन यांच्या रोपवाटिकेत १८५८ साली विटिसेलाच्या रक्ताचा आणि चीनकडच्या मोठ्या फुलांच्या लॅन्युजिनोसा जातीचा संकर झाला, त्यातून ‘जॅकमनी’ आला. जांभळा क्लेमॅटिस म्हटलं की आजही लोकांच्या डोळ्यांपुढे तोच येतो.

मी ‘पोलिश स्पिरिट’ घेतोय. वॉर्सातले जेझुइट धर्मबंधू स्टेफान फ्रांचाक यांनी १९८४ च्या सुमारास तयार केलेला हा विटिसेला वाण. गडद जांभळी, मध्यम आकाराची फुलं, उंची तीन-चार मीटर आणि मर रोगाला सहसा बळी न पडणारा. त्याच्या पायथ्याशी ‘अराबेला’ लावणार. इंटिग्रिफोलिया जातीचं रक्त असलेला हा बुटका वाण, दीड-दोन मीटरचा. तो स्वतःहून कशाला धरत नाही, टेकत टेकत पसरतो. फुलण्याच्या बाबतीत मात्र फार चिवट.

७ ऑक्टोबर २०२३

लागवड केली. जमीन अजून कोमट आहे, हिवाळ्याआधी मुळं थोडी पसरतील.

खड्डा भिंतीपासून अर्धा मीटर पुढे घेतला. भिंतीला लागून असलेल्या पट्ट्यात पाऊस पोचतच नाही, शिवाय पायाचे दगड ओल शोषतात. रोप तिरकं ठेवून वेल भिंतीकडे वळवला. खड्डा ४५ सेंटिमीटर रुंद आणि तेवढाच खोल. खाली कुजलेलं शेणखत, वर माती आणि कंपोस्ट सारखं मिसळून. बादलीत बुडवून ठेवलेलं रोप बुडबुडे थांबल्यावर बाहेर काढलं.

‘पोलिश स्पिरिट’ कुंडीत होता त्यापेक्षा सात-आठ सेंटिमीटर खोल लावला. बहुतेक झाडांना खोडाशी माती लागली की ती कुजतात, क्लेमॅटिसला ते मानवतं. मातीखाली गेलेल्या पेरांवरचे डोळे राखीव राहतात. वरचा भाग गोगलगायींनी खाल्ला, वाऱ्याने मोडला किंवा मर रोगाने गेला, तरी जमिनीखालून नवे कोंब येतात. ‘अराबेला’ मात्र कुंडीतल्या पातळीलाच ठेवला.

क्लेमॅटिसचे पाय सावलीत आणि डोकं उन्हात हवं असं सगळेच सांगतात. बुंध्याशी फरशीचा तुकडा ठेवणारेही आहेत. खरं काम ओलीचं आहे, सावली हा ती टिकवायचा एक मार्ग. मी पानांच्या खताचा चार बोटं जाड थर दिला, खोडाभोवती मूठभर जागा मोकळी ठेवून.

२६ नोव्हेंबर २०२३

पानं तपकिरी होऊन लोंबताहेत. दिसायला भिकार. हात लावायचा नाही.

१८ फेब्रुवारी २०२४

पहिली छाटणी. वेल बघून कुणीही म्हणेल, मेला. फांद्या सुतळीसारख्या कोरड्या, साल सुटत आलेली. पण पेरापेरांवर समोरासमोर फुगलेल्या डोळ्यांच्या जोड्या आहेत. जमिनीपासून साधारण ३० सेंटिमीटरवर, दणकट जोडी बघून तिच्या जरा वर कापलं. वरचं सगळं उपटून टाकलं.

पहिल्या वर्षी कुठल्याही गटाचा वेल असाच खाली छाटावा, या मताशी मी सहमत आहे. नाहीतर एकच काटकुळी फांदी वर पळते आणि फुलं माणसाच्या नजरेपलीकडे जातात.

हातमोजे घातले होते. क्लेमॅटिस रॅनन्क्युलेसी कुलातला, आणि या कुलातल्या बऱ्याच झाडांचा रस त्वचेला झोंबतो. पेशी चिरडल्या की त्यांच्यातल्या रॅनन्क्युलिनपासून प्रोटोअ‍ॅनेमोनिन तयार होतं, खाज आणि फोड त्याचे. कात्रीही नंतर पुसून ठेवली.

१७ मार्च २०२४

आधाराचं काम. भिंतीवर आधीपासून लाकडी पट्ट्यांची जाळी आहे, पट्ट्या चार सेंटिमीटर रुंद. गुलाब बांधायला छान, पण क्लेमॅटिसच्या उपयोगाची नाही. या वेलाला ताणे नसतात. मोगऱ्याच्या वेलीसारखं खोडानेही तो आधाराला वेढत नाही. पानाचा देठच कशाला तरी घासला की वाकतो आणि त्याला मिठी मारतो. देठाची लांबी ती किती, त्यामुळे वेढता येणारी वस्तूही बारीक हवी: बोरूपेक्षा जाड काही असलं की देठ पोचतच नाही.

चार्ल्स डार्विनने १८६५ साली चढणाऱ्या वनस्पतींवरच्या निबंधात क्लेमॅटिसच्या देठांचे प्रयोग नोंदवले आहेत. काडीने देठ घासायचा, दोऱ्याचे हलके फास अडकवायचे आणि वाकतो का बघायचं. आधार पकडलेला देठ नंतर जाड आणि टणक होतो, हेही त्याने टिपलं. हिवाळ्यात वाळलेल्या फांद्या उपटताना ते देठ तारेवरून सुटता सुटत नाहीत, ते यामुळे.

लाकडी जाळीवर बारीक तारा आडव्या ताणल्या, तळहाताएवढ्या अंतराने. भिंत आणि तारांमध्ये बोटभर फट राखली, हवा खेळली पाहिजे.

३१ मार्च २०२४

कोंब आले. गोगलगायीही आल्या. रात्री विजेरी घेऊन वेचणे, यावर माझ्याकडे दुसरा उपाय नाही.

२१ एप्रिल २०२४

वाढीचा वेग बघून धास्ती वाटते. कोंब दिवसाआड नव्या तारेवर. याच दिवसांत वेलाला वळण लावायचं असतं. सोडून दिलं तर सगळे कोंब एकमेकांचे देठ धरून एकच दोरखंड करतात, मग ते सोडवायला गेलं की मोडतात. पेरापाशी हा वेल विलक्षण ठिसूळ. म्हणून शेंडा कोवळा असतानाच प्रत्येक कोंब आडवा पसरवून मऊ सुतळीने सैल बांधतोय, आठच्या आकड्याचा फास घालून.

आडवं पसरवण्याला कारण आहे. सरळ वर गेलेल्या फांदीवर वरचे डोळे खालच्यांना दाबून ठेवतात. फांदी आडवी केली की हा दाब सैल होतो आणि बाजूचे डोळे जागे होतात. भिंत खालपासून भरते.

९ जून २०२४

सकाळी ‘पोलिश स्पिरिट’ची एक फांदी पूर्ण लोंबलेली दिसली, पानं, शेंडा, सगळं. क्लेमॅटिस लावणाऱ्याच्या मनात पहिला शब्द येतो तो मर रोग. त्यामागे कॅलोफोमा क्लेमॅटिडिना ही बुरशी. (जुन्या पुस्तकांत ती फोमा किंवा अ‍ॅस्कोकायटा या नावांनी सापडेल.) मोठ्या फुलांचे संकरित वाण तिला विशेष बळी पडतात. बहर यायच्या तोंडावर फांदी दोन-तीन दिवसांत मान टाकते, देठ आणि पानांच्या शिरा काळ्या पडतात, खोड उभं चिरलं तर आत काळसर डाग दिसतो.

फांदी मुळापासून शेंड्यापर्यंत तपासली. आतला गाभा हिरवा, काळा डाग कुठेच नाही. जमिनीलगत एके ठिकाणी साल गोल खरवडलेली होती, बाजूला चिकट माग. गोगलगाय. मर रोगाच्या नावावर खपणाऱ्या बऱ्याच फांद्यांचं खरं कारण हे, वाऱ्याने पिरगळलेलं पेर किंवा निव्वळ तहान असावं, असं माझं मत होत चाललं आहे. औषध फवारण्याआधी फांदी चिरून बघायला मिनिटभर लागतं.

बुरशी असती तरी पहिलं काम हेच: निरोगी भागापर्यंत खाली कापायचं, कापलेलं कंपोस्टात न टाकता नष्ट करायचं, कात्री स्पिरिटने पुसायची. कापली. खालून फुटवा येईलच.

१४ जुलै २०२४

‘पोलिश स्पिरिट’चं पहिलं फूल. ‘अराबेला’ तीन आठवडे आधीच सुरू झाला होता, निळसर जांभळा, उन्हाने हळूहळू फिका होणारा.

आपण पाकळ्या म्हणतो त्या क्लेमॅटिसच्या पाकळ्या नव्हेतच. या प्रजातीत खऱ्या पाकळ्या नसतात, रंग असतो तो निदलांना, म्हणजे कळीला बाहेरून झाकणाऱ्या दलांना. कळी उमलायच्या आधी हिरवट दिसते ती त्यामुळे. ही निदलं जाड असल्याने फूल लवकर गळत नाही, आठवड्याहून जास्त टिकतं.

कळ्या दिसेपर्यंत दर पंधरा दिवसांनी पोटॅश जास्त असलेलं पातळ खत (टोमॅटोला देतात ते) देत होतो, आता थांबवलं. नत्र मुद्दामच कमी ठेवलं होतं. ते जास्त झालं की नुसता पाला माजतो.

४ ऑगस्ट २०२४

ऐन बहर. भिंत अक्षरशः दिसत नाही. घरात सगळे खूश.

फुलांच्या कडा मात्र रात्रीतून कुरतडलेल्या. चोर इअरविग, शेपटीला चिमटा असलेला तपकिरी किडा. उलट्या कुंडीत गवत कोंबून ती वेलात काठीवर टांगली. सकाळी त्यात लपलेले किडे बागेच्या दुसऱ्या टोकाला झटकून आलो. मारत नाही, मावाही हेच खातात.

१ सप्टेंबर २०२४

संपलं. ‘पोलिश स्पिरिट’वर चुकार फुलं तेवढी उरली आहेत. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेर, म्हणजे दीड महिना. वाईट नाही, पण जून ते ऑक्टोबर हे उद्दिष्ट होतं.

झालं काय ते वेलाकडे बघून समजतं. सगळ्या फांद्या एकाच दिवशी, एकाच उंचीवर कापल्या होत्या. सगळे कोंब एकाच वयाचे, म्हणून एकदम कळीवर आले आणि एकदमच दमले. वाण दीर्घकाळ फुलणारा असला तरी त्याचं घड्याळ फेब्रुवारीतली कात्री लावते. पुढच्या वर्षी कोंबांची वयं वेगवेगळी ठेवून बघायची.

२३ फेब्रुवारी २०२५

बुंध्यातून आता भरपूर फांद्या आहेत, प्रयोगाला पुरेशा. तीन भाग केले. डाव्या बाजूच्या फांद्या मीटरभर उंच ठेवल्या: त्यांच्यावरचे डोळे वर असल्याने कोंबांना भिंत भरायला कमी वाढ लागेल आणि फुलं आधी येतील. मधल्या आणि उजव्या नेहमीसारख्या ३० सेंटिमीटरवर. उजव्यांचं पुढचं मे महिन्यात. तिन्ही भागांना वेगवेगळ्या रंगाची लोकर बांधली, जूनच्या गचपणात ओळख राहणार नाही.

‘अराबेला’ वीतभर ठेवून सपाट कापला. कंपोस्टचा नवा थर.

१८ मे २०२५

उजव्या भागातल्या कोंबांचे शेंडे खुडले, कमरेएवढे झाले असताना. क्लेमॅटिसची पानं समोरासमोर, त्यामुळे खुडलेल्या जागेखालून बहुधा दोन फुटवे निघतात. फूल उशिरा, पण फांद्या दुप्पट. सुदृढ, कळी न धरलेले कोंबच खुडले. कळी दिसायला लागल्यावर शेंडा काढला तर तेवढी फुलं हातची जातात.

खुडलेल्या शेंड्यांखालच्या भागांच्या छाट काड्या लावल्या. बहुतेक झाडांची काडी पेराच्या लगेच खाली कापतात. क्लेमॅटिसची दोन पेरांच्या मधोमध कापायची, वर एक पेर ठेवायचं आणि त्यावरच्या दोन पानांपैकी एक काढून टाकायचं. पेरातला डोळा मातीला टेकेल इतकी काडी वाळूमिश्रित मातीत. वर प्लॅस्टिकची पिशवी.

२२ जून २०२५

डाव्या भागात फूल. गेल्या वर्षीपेक्षा तीन आठवडे आधी. ‘अराबेला’ही सुरू.

१३ जुलै २०२५

मधला भाग उमलला. डावीकडे अजून चालू आहे, पण वरच्या टोकालाच. खालचा मीटरभर भाग उघडा पडला आहे, नुसत्या तपकिरी फांद्या. जास्त उंच ठेवल्याची ही किंमत.

पाऊस नाही. बुंध्याशी आठवड्यातून दोनदा, दर खेपेला दोन बादल्या. वरवर शिंपडून उपयोग नाही, मुळं खोल आहेत.

२७ जुलै २०२५

‘अराबेला’ची पहिली लाट ओसरली. फांद्या निम्म्यावर कापल्या, लगेच पाणी आणि पोटॅशचं खत. कापून उपाशी ठेवलं तर पुन्हा फुलायला त्राण कुठून येणार?

‘पोलिश स्पिरिट’ची सुकलेली फुलंही हाताला लागतील तेवढी काढतोय. क्लेमॅटिसच्या कित्येक जातींच्या बियांना पिसांसारख्या लांब शेपट्या असतात. टँगुटिका जातीची पिवळी फुलं गेल्यावर दिसणारे ते रुपेरी झुबके खुडायला जीव होत नाही. विटिसेलाच्या बियांची शेपटी आखूड आणि बोडकी, तेव्हा खुडण्यात गमवायचं काही नाही.

१७ ऑगस्ट २०२५

उजवा भाग, खुडलेला. आठवड्याभरापासून फुलतोय. फुलं किंचित लहान, पण झुबक्यांनी. मधला भाग उतरणीला. बुंध्याकडच्या काही पानांवर भुरीची पांढरी पूड दिसली. दाटी आणि कोरडी मुळं एकत्र आली की ती येते. पानं काढली, थोडी विरळणी केली.

छाट काड्यांपैकी काही कुजल्या, काही ओढून बघितल्यावर मातीला घट्ट धरून आहेत.

१४ सप्टेंबर २०२५

‘अराबेला’ दुसऱ्यांदा भरात. उजव्या भागावर अजून कळ्या. गेल्या वर्षी या तारखेला भिंत हिरवीच होती.

५ ऑक्टोबर २०२५

उद्दिष्ट गाठलं म्हणायला हरकत नाही. २२ जूनपासून आजपर्यंत फुलाशिवाय एकही आठवडा गेला नाही, ‘अराबेला’ जमेस धरला तर. नुसता ‘पोलिश स्पिरिट’ घेतला तरी तीन महिन्यांच्या वर जातं. वेल तोच, माती तीच, बदलली ती कात्रीची वेळ.

पण घरातून तक्रार आहे आणि ती रास्त आहे: गेल्या ऑगस्टमध्ये भिंत जशी जांभळी झाली होती, तशी यंदा एकदाही झाली नाही. नेहमी एक तृतीयांश भिंत फुललेली, बाकीची वाट बघणारी. वेलाच्या अंगात फुलांचं जेवढं बळ आहे तेवढंच आहे. ते पसरलं की पातळ होतं. शेंडे खुडल्याने उजवीकडे फुलं वाढली खरी, तेवढ्याने ही तूट भरत नाही.

१९ ऑक्टोबर २०२५

पुढच्या वर्षीची वाटणी ठरवली. मीटरभर उंच ठेवायचा भाग रद्द. त्याने मिळालेल्या तीन आठवड्यांपेक्षा खालचा बोडका पट्टा जास्त खुपतो, आणि जूनची जबाबदारी ‘अराबेला’ सांभाळतोच. दोन तृतीयांश फांद्या फेब्रुवारीत खाली कापून तशाच वाढू द्यायच्या, ऑगस्टच्या भरगच्च भिंतीसाठी. उरलेल्या मे महिन्यात खुडायच्या, पण सगळ्या एकाच दिवशी नाही, पंधरवड्याच्या अंतराने दोनदा.

रुजलेल्या काड्या वेगवेगळ्या कुंड्यांत हलवल्या. हिवाळाभर पत्र्याच्या छपराखाली राहतील, लागवड वसंतात. उजव्या भागातली एक लांब फांदी जमिनीवर आडवी करून पेरापाशी थोडी खरवडली, तारेच्या आकड्याने मातीत दाबली आणि वर दगड ठेवला. दाब कलमाला वर्षभर लागेल, पण त्यात कुजण्याची भीती कमी.